घरातल्या घरात जमीन घेताय? खरेदीखत कराच

‘घरचाच व्यवहार, स्टॅम्पवर लिहून घेऊ’ असं म्हणत तासगाव-पलूसकडं आजही जमिनी घेतल्या जातात. कृपा करून असं करू नका. नोटरीच्या कागदानं मालकी बदलत नाही. सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत खरेदीखत दुय्यम निबंधकांकडं नोंदवायला हवं. चुलत्यांनी भाव कमी लावला तरी मुद्रांक शुल्क किमान रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरानं बसतं.

आधी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. सोसायटीचा बोजा (जमिनीवरचं कर्ज), बहिणींची नावं तिथंच सापडतात. आमच्या उताऱ्यावर आत्याचं नाव होतं; तिला समोर बसवून सगळं सांगितलं, तिची सही घेतली, मगच पुढं गेलो. पैसे चेकनं द्या, चेकचा नंबर खतात घाला. नंतर फेरफार, म्हणजे उताऱ्यावर नाव बदलायची नोंद, मंजूर झाला का, तेही तलाठ्याकडं बघा.