‘वैमानिकाची चूक’ वाचलं की पान उलटू नका

विमानांच्या देखभालीत माझी हयात गेली. निवृत्तीनंतर सुरुवातीच्या लष्करी जेटच्या चाचण्यांमध्ये झालेल्या अपघातांचे वृत्तान्त वाचायचा नाद लागला. नवखा वाचक त्यात हमखास दोन ठिकाणी घसरतो. एकतर ध्वनिवेगाच्या थरारात वाहून जातो, नाहीतर शेवटची ओळ वाचून ‘हां, माणूसच चुकला’ म्हणत मोकळा होतो. मी कसं वाचतो ते सांगतो.

वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे लिहा, त्या उड्डाणाआधी विमानात काय बदललं होतं. उजवीकडे लिहा, त्यातलं वैमानिकाला काय माहीत होतं. बास, एवढंच.

लॉकहीड या अमेरिकन कंपनीचं पी-80 हे लढाऊ जेट घ्या. 20 ऑक्टोबर 1944 रोजी कॅलिफोर्नियातल्या बरबँकला चाचणी वैमानिक मायलो बर्चम उड्डाण करताच मुख्य इंधन पंप बंद पडला आणि विमान कोसळलं. विमानात आणीबाणीचा दुसरा पंप नुकताच बसवलेला होता, पण त्याची माहिती बर्चमला कुणी दिलीच नव्हती. म्हणजे डावीकडे ‘नवा पंप’, उजवीकडे कोरं. आता 6 ऑगस्ट 1945. हिरोशिमावर बॉम्ब पडला तोच दिवस. रिचर्ड बाँग, शत्रूची 40 विमानं पाडलेला अमेरिकेचा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक, कारखान्यातून आलेलं पी-80 तपासायला निघाला. पुन्हा तोच मुख्य पंप बंद पडला. या वेळी उजवी बाजू कोरी नव्हती, पण आणीबाणीचा पंप सुरू करायचा राहून गेला असावा, असं चौकशीत निघालं. त्याने उडी मारली, पण पॅराशूट उघडण्याइतकी उंचीच उरली नव्हती.

वृत्तान्तात ‘विसरला’ हा शब्द आला की मी पेन्सिल खाली ठेवतो. विमान जमीन सोडतं तेव्हा वैमानिकाला श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमक्या त्याच क्षणी जीव वाचवणारी गोष्ट त्याच्या आठवणीवर सोपवायची आणि तो विसरला की खापरही त्याच्याच डोक्यावर! मला हे पटत नाही. चौकशी खोटी होती असं नाही म्हणत, अर्धी वाटते.

मग उंची लिहा, अगदी ठळक. 30 जुलै 1943 रोजी ब्रिटनच्या ग्लॉस्टर ई.28/39 या प्रायोगिक जेटचा दुसरा नमुना घेऊन डग्लस डेव्ही खूप उंचावर गेला होता. एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखाच्या कडेची हलती फळी, अडकलं आणि विमान उलटं होऊन गरगरू लागलं. तो सुमारे 33,000 फुटांवरून बाहेर पडला. खाली येईपर्यंत हिमदंश झाला, पण जगला. खाली भरपूर आकाश होतं म्हणून. बाँगला ते मिळालं नाही.

आणि कारण? चुकीच्या प्रकारचं ग्रीस. तेवढ्या उंचीवर तापमान उणे 50 अंशांच्या आसपास असतं, आणि जमिनीवर लोण्यासारखं असलेलं ग्रीस तिथे मेणासारखं घट्ट होऊ शकतं. उमेदवारीत मी एकदा चुकीचा डबा उघडला तेव्हा हेडमेकॅनिकने हातातून हिसकावला होता. ‘दिसायला सगळं ग्रीस सारखंच,’ म्हणाले. तेव्हा राग आला होता. डेव्हीचं प्रकरण वाचताना तो डबा आठवला.

पुढचा प्रश्न: आधी काय तुटलं? ढिगाऱ्यात सगळंच तुटलेलं असतं, म्हणून क्रम लावावा लागतो. 20 मार्च 1945 रोजी चाचणी वैमानिक टोनी लव्हिएर उडवत असलेल्या एक्सपी-80ए या पी-80 च्याच चाचणी नमुन्याच्या इंजिनात टर्बाइन (गरम वायूने फिरणारं चाक) फुटलं आणि विमानाची शेपटी गेली. तो उडी मारून वाचला, पाठीचं हाड मोडलं. इथे क्रम सरळ आहे, आधी इंजिन, मग सांगाडा.

काही वेळा मात्र सुरुवातीला काहीच तुटलेलं नसतं. 12 ऑक्टोबर 1954 रोजी चाचणी वैमानिक जॉर्ज वेल्श एफ-100 हे अमेरिकन लढाऊ जेट घेऊन सूर मारत होता, विमान हवेत फुटलं आणि तो गेला. लांब जड धड, आखूड पंख, लहान उभी शेपटी. अशा विमानाला वेगात एका अक्षाभोवती हिसका बसला की ते दुसऱ्या अक्षाभोवतीही भरकटतं. अशा वेळी मी वृत्तान्त उलटा वाचतो. अपघातानंतर काय बदललं ते आधी शोधतो, कारण दुरुस्ती बहुधा खरं बोलते. एफ-100 ची उभी शेपटी मोठी केली, पंखांची लांबी वाढवली. वैमानिकांना नुसती सूचना देऊन भागलं नाही. माझ्या वहीत वेल्शच्या पानावर ही नोंद पहिली आहे, तारीख तिच्याखाली.