पियानो ऑडिशनसाठी रचना निवडताना

कॉन्झर्व्हेटरीत (पाश्चात्त्य संगीताच्या महाविद्यालयात) पियानोसाठी अर्ज करणार असाल तर आधी त्या संस्थेची यादी शब्दन्‌शब्द वाचा. साधारणपणे बाखचं प्रेल्यूड-फ्यूग (प्रेल्यूड ही प्रास्ताविक रचना, फ्यूगमध्ये एकच सुरावट अनेक आवाजांत गुंफलेली असते), हायडन, मोझार्ट किंवा बेथोवनचा सोनाटा (बहुधा अनेक भागांची रचना), शोपँचं एट्यूड (तंत्राचा कस लावणारी छोटी रचना) आणि एखादी मोठी रोमँटिक, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या शैलीची, रचना मागतात. खरी मेख अटींमध्ये असते. बेथोवनचे ओपस (रचना-क्रमांक) ४९चे सोपे सोनाटे अनेक ठिकाणी चालत नाहीत. शोपँच्या ओपस १०मधलं क्रमांक ३ सारखं संथ एट्यूडही काही ठिकाणी बाद ठरतं.

फ्यूग चार-पाच आवाजांचा (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींचा) घेण्याचा अट्टहास नको. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ या प्रेल्यूड-फ्यूगच्या संग्रहाच्या पहिल्या खंडातला सी मायनरचा तीन आवाजांचा फ्यूग स्वच्छ वाजला तर पुरेसा बोलतो. सगळं बहुधा पाठ वाजवावं लागतं आणि परीक्षक मध्येच थांबवतात, म्हणून मुख्य सुरावट जिथे जिथे परत येते, त्या प्रत्येक जागेपासून सुरुवात करून पाहा.

माझं ठाम मत: निदान एक रचना वर्षभर हातात मुरलेली हवीच. आणि घरी डिजिटल पियानो असेल, तर ऑडिशनपूर्वी काही दिवस तरी खऱ्या ग्रँड पियानोवर वाजवायला मिळेल अशी सोय करा; पट्ट्यांचं वजन आणि पेडलचा अंदाज तिथेच येतो.