बाळासाठी घरी तेल, उटणं, बाम करताय? या चुका टाळा

घरी काढलेलं खोबरेल पंधरा दिवसांत खवट होतं. कोरफडीचा गर तिसऱ्या दिवशी पातळ होऊन त्याला आंबूस वास येतो. बामच्या डबीत झाकणाखाली हिरवट ठिपके दिसतात. तिन्ही ठिकाणी चोर एकच आहे: पाणी. घरी केलेल्या वस्तूत पाण्याचा अंश राहिला की त्यात जंतू आणि बुरशी वाढणारच. आपल्या त्वचेला ते एखाद वेळी चालून जाईल, पण बाळाची त्वचा पातळ असते आणि ती बाहेरचं फार पटकन आत घेते. म्हणून घरी करायचं ते बिनपाण्याचं, थोडं आणि मोजक्या जिनसांचं करा. तेल आणि बाम घरी उत्तम होतात. काही वस्तू मात्र घरी करूच नयेत, त्यांच्याबद्दल पुढे आहेच.

खोबरेल काढताना होणारी घाई

तीन चांगले जून नारळ खवून घ्या. दर नारळामागे साधारण एक कप कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढा आणि स्वच्छ पंच्यातून घट्ट पिळा. हे दूध लगेच कढईत ओतू नका. चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवलं की वर घट्ट थर येतो आणि खाली पाणी राहतं. वरचा थर तेवढाच उचलून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. पाण्यासकट सगळं दूध आटवायला घेतलं तर वेळ दुप्पट लागतो आणि तळ लागतो.

खरी चूक होते ती यापुढे. दूध फुटून कडेला तेल दिसू लागलं की गॅस बंद केला जातो. तेव्हा कढईत मोठे बुडबुडे येत असतात आणि आवाजही येत असतो. तो आवाज पाण्याचा आहे. ढवळत राहा. बुडबुडे आधी बारीक होतात, मग थांबतात. तळाचा चोथा पांढऱ्याचा फिका बदामी होतो आणि तेल काचेसारखं नितळ दिसतं. गॅस तेव्हा बंद करायचा. चोथा काळपट झाला तर तेलाला करपट वास लागतो. असं तेल बाळाला लावू नका.

गाळताना कापड पूर्ण कोरडं हवं आणि चोथा पिळायचा नाही. पिळलेल्या तेलात बारीक कण आणि ओल उतरते. ते वेगळं काढून स्वयंपाकात लवकर संपवा. बाळाचं तेल काचेच्या बाटलीत भरून एक दिवस हलवू नका. तळाशी ढगाळ थेंब बसला तर वरचं तेल अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या. शंका असेल तर चमचाभर तेल छोट्या कढल्यात तापवा. तडतडलं तर पाणी राहिलंय, सगळं तेल पुन्हा मंद आचेवर ठेवा. बाटली आधी दहा मिनिटं पाण्यात उकळून, उपडी घालून पूर्ण वाळवलेली असावी. नुसती पुसलेली बाटली पुरत नाही. आंघोळीच्या ओल्या हाताने बाटलीत बोट घालण्याची सवय तर फार महागात पडते. रोजचं तेल वाटीत काढून घ्या आणि उरलेलं परत बाटलीत ओतू नका.

थंडीत तेल गोठलं म्हणून घाबरून टाकून देऊ नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यात बिघडलेलं काही नसतं. वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा, गॅसवर नको. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहिल्याशिवाय बाळाच्या अंगाला तेल लावायचं नाही.

महागडं ऑलिव्ह तेल भेट म्हणून आलं तर ते स्वयंपाकघरात जाऊ दे. त्यात ऑलिक आम्ल भरपूर असतं आणि त्याने त्वचेचा राखणदार थर ढिला पडतो. मोहरीचं तेलही नाजूक त्वचेला झोंबतं. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल तर नकोच, त्याचं कारण उटण्यापाशी सांगितलं आहे.

तेलात कापूर: ही चूक सगळ्यात मोठी

सर्दी झाली की खोबरेलात कापूर विरघळवून छातीला आणि पाठीला चोळायची पद्धत घराघरांत आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला हे अजिबात करू नका. कापूर त्वचेतून आणि श्वासातून अंगात जातो. लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात आणि पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं. ‘भीमसेनी आहे, शुद्ध आहे’ म्हटल्याने यात फरक पडत नाही. विषारी आहे तो कापूरच. निलगिरीचं तेल, पुदिन्याचा अर्क आणि ओव्याचं फूल (ओव्याच्या अर्काचे उग्र खडे) यांनाही तान्ह्या बाळापासून लांब ठेवा. त्यांच्या उग्र वासाने बाळाचा श्वास अडखळू शकतो. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते डॉक्टरांना विचारून वापरा.

नाकात आणि कानात तेल सोडायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि तो साध्या औषधाने लवकर आटोक्यात येत नाही. टाळूवर तेल थापल्याने टाळू लवकर भरत नाही, ती आपल्या वेळेला, बहुधा एक ते दीड वर्षात भरते. डोक्यावर खपली धरली असेल तर तेल रात्रभर ठेवू नका. १५-२० मिनिटं ठेवा, मऊ दातांच्या कंगव्याने हलक्या हाताने खपली सोडवा आणि डोकं धुऊन काढा. या खपलीत हात असलेली बुरशी तेलावरच जगते. म्हणूनच ‘तेल लावतोय तरी खपली वाढतेच आहे’ असं होतं.

उटणं: जाडसर, आंबट आणि फार लवकर

पहिल्या महिन्यांत उटण्याची गरजच नसते. अंगावरची लव आपोआप गळते. कणकेचा किंवा बेसनाचा गोळा फिरवून ती काढायला गेलं की केसांच्या मुळाशी लाल पुळ्या येतात. मग त्या ‘उष्णतेच्या’ समजून त्यावर आणखी काहीतरी चोळलं जातं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. त्वचा कोरडी किंवा चिरलेली असेल तर डाळी, दाणे, बदाम, दूध यांतली प्रथिनं तिच्यातून आत जातात आणि शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. पुढे तोच पदार्थ पोटात गेला की ॲलर्जी होते. ज्या तान्ह्यांच्या पुरळ आलेल्या त्वचेला शेंगदाणा तेल असलेलं मलम लावलं होतं, त्यांच्यात दाण्याची ॲलर्जी जास्त दिसली, असं ब्रिटनमधल्या २००३ सालच्या अभ्यासात आढळलं. त्यामुळे बाळाच्या गालांवर किंवा सांध्यांच्या घड्यांत खरखरीत लाल चट्टे असतील तर उटणं, बेसन, साय, बदामाची पेस्ट सगळं बंद.

पहिल्या दिवाळीला उटणं लावायचंच असेल आणि त्वचा निरोगी असेल तर उटणं मलमलीच्या कापडातून दोनदा चाळा. चिमूटभर बोटांत चोळून पाहा. कण लागला तर तिसऱ्यांदा चाळा. ते खोबरेलात पातळ कालवा, फक्त हातापायांना लावा आणि चोळताच लगेच धुवा. ‘चोळताच लगेच’ म्हणजे वाळू द्यायचं नाही. वाळलेलं उटणं ओढून काढताना त्वचा सोलवटते. लिंबाचा रस घालू नका. तो झोंबतो आणि ऊन लागलं तर काळे डाग पडतात. उटण्यानंतर मानेच्या, काखेच्या आणि जांघेच्या घड्या उघडून पाहा. तिथे राहिलेला लगदा दुसऱ्या दिवशी लाल पट्टा होऊन दिसतो.

बाम: प्रमाण चुकलं की काय होतं

१०० ग्रॅमसाठी ८० ग्रॅम खोबरेल आणि २० ग्रॅम शुद्ध मधमाशीचं मेण हे उन्हाळ्याचं प्रमाण. थंडीत मेण १४-१५ ग्रॅम पुरतं. चमच्यांनी मोजू नका, वजनकाट्यावर घ्या. किसलेलं मेण आणि मेणाचा तुकडा चमच्यात सारखा बसत नाही.

पातेल्यात पाणी गरम करून त्यावर कोरडं भांडं ठेवा आणि आधी फक्त मेण वितळवा. ते ६२-६५ अंशांना वितळतं. मग तेल थोडं कोमट करून ओता. गार तेल ओतलं तर मेणाचे दाणे होतात. तसं झालं तर पुन्हा गरम करा, विरघळेल. थेट गॅसवर ठेवू नका. डब्यांत भरण्याआधी थंड बशीवर एक थेंब टाका आणि दोन मिनिटांनी बोटाने दाबून पाहा. फार कडक वाटला तर चमचाभर तेल वाढवा, सैल वाटला तर २-३ ग्रॅम मेण. कोकणात मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, सहज मिळतं. खोबरेलातलं २० ग्रॅम कमी करून तेवढं मुठेल घातलं तर बाम गरमीत चांगला टिकतो. तो दाणेदार झाला तर याचा अर्थ मुठेल हळूहळू गार झालं. पुन्हा वितळवून डब्या गार पाण्याच्या ताटात ठेवा, पाणी मात्र आत जाऊ देऊ नका.

झाकणाखालचे हिरवट ठिपके आले ते गरम असतानाच झाकण लावल्याने. वाफेचे थेंब वर जमतात आणि परत बामवर पडतात. पूर्ण गार होईपर्यंत डबीवर नुसतं कोरडं फडकं टाका. ठिपका दिसला तर वरचा भाग खरवडून उरलेला वापरू नका, डबीच टाका. ‘ई’ जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातली म्हणजे टिकेल, हा समज खोटा आहे. त्याने तेल खवट व्हायला वेळ लागतो, बुरशी आणि जंतू थांबत नाहीत. त्याच कारणाने बाममध्ये गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घालू नका. कोरफड हवीच असेल तर पात कापून उभी ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळू द्या, कारण तो त्वचेला चरचरतो. गर त्याच दिवशी वापरून टाका.

बाम कोरड्या गालांवर आणि लंगोटाच्या जागी निरोगी त्वचेवर पातळ लावायचा. फुटलेल्या, पाणी सुटलेल्या त्वचेवर नाही.

पावडर, काजळ, घुटी, धुरी

तेलावर पावडर भुरभुरली की घड्यांत चिखल होतो आणि घामोळं वाढतं. मक्याचं, तांदळाचं पीठ मऊ असलं तरी ते हवेत उडतं आणि बाळाच्या श्वासात जातं. त्यात टंकणखार (बोरॅक्स) मिसळायची जुनी कृती कुणी सांगितली तर ऐकू नका. टंकणखार त्वचेतून आणि तोंडातून विषबाधा करतो.

काजळ घरच्या तुपाच्या दिव्याचं असलं तरी ती काजळीच असते, आणि बोटाने डोळ्यात जंतूही जातात. तीट कानामागे लावा. गालावरची तीट बाळाच्या मुठीने डोळ्यात आणि तोंडात जाते. जायफळ, वेखंड उगाळून घुटी देऊ नका. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. मध एक वर्षाच्या आत चाटवूच नका. त्यातले बोट्युलिझमचे बीजाणू घरच्या उकळण्याने मरत नाहीत. उदाची, ओव्याची धुरी बाळाच्या खोलीत नको. धूर सुगंधी असला तरी छातीत धूरच जातो.

नवी वस्तू लावण्याआधी आणि पुरळ आल्यावर

मांडीच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत लावा आणि ४८ तास वाट पाहा. एका वेळी एकच नवी वस्तू. दोन एकदम सुरू केल्या तर दोष कशाचा ते कळत नाही. पुरळ आलं तर सगळं थांबवून फक्त कोमट पाण्याने आंघोळ घाला. पू, पाण्याचे फोड, झपाट्याने पसरणारी लाली दिसली, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

दुपटी आणि लंगोट

आजीच्या जुन्या मऊ लुगड्याची दुपटी बाळाला फार छान लागतात, पण ती ट्रंकेत डांबर गोळ्यांबरोबर राहिलेली असतात. जन्मतः जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीपर्यंत वाढते. आपलं बाळ त्यातलं आहे का, हे बहुतेक घरांत माहीत नसतं. म्हणून गोळ्या बाळाच्या कपड्यांत ठेवायच्याच नाहीत. ट्रंकेतून काढलेलं कापड बाळापासून दूर, निदान दोन-तीन दिवस उन्हात उलटसुलट वाळवा. मग गरम पाण्यात साबणाने धुवा आणि पुन्हा उन्हात घाला. वाळल्यावर नाकाशी धरून पाहा. किंचितही वास येत असेल तर परत धुवा, आणि तरीही गेला नाही तर ते लुगडं बाळासाठी फाडू नका.