कीटकनाशक निरीक्षकाचं प्रशिक्षण: पैसा कुठून येतो आणि कधी मागायचा

कृषी अधिकारी म्हणून पंचायत समितीत किंवा तालुका कार्यालयात रुजू झालात की खत, बियाणं आणि कीटकनाशक या तिन्हींच्या निरीक्षणाचं काम आज ना उद्या तुमच्याकडे येतंच. त्यातलं कीटकनाशकाचं काम सगळ्यांत जोखमीचं. बीएस्सी अ‍ॅग्रीच्या चार वर्षांत किडी शिकवतात, औषधांचे गट शिकवतात. पण कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर बाटली हातात घेतल्यावर कायद्याने काय काय करायचं असतं, ते शिकायचं राहून जातं. मी यवतमाळ जिल्ह्यात हे काम करतो. ते शिकण्यासाठी सरकारचा पैसा आहे आणि तो मागावा लागतो, हे नव्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी कळावं म्हणून हे लिहितोय.

आमच्या जिल्ह्यात हे काम करताना 2017 विसरता येत नाही. त्या खरिपात कपाशी डोक्याच्या वर गेली होती, अळीचा जोर होता, दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणी चालली होती. यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर गावोगाव हातमोजे आणि मास्कच्या सूचना झाल्या, त्या हव्याच होत्या. पण दुकानात काय विकलं जातंय हे बघणारा माणूस शिकलेला असणं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

या कामात शिकण्यासारखं नेमकं काय असतं, ते आधी सांगतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे दुकानातून तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग करावे लागतात. लहान पॅकिंग असेल तर एकाच बॅचच्या तीन सीलबंद बाटल्या घ्यायच्या. एक भाग विक्रेत्याकडे राहतो, एक प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाकडे जातो, तिसरा न्यायालयासाठी. बाटलीवरचा बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, विषाच्या तीव्रतेचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, निळा की हिरवा, हे सगळं कागदावर जसंच्या तसं उतरवायचं. सुतळीच्या गाठीवर लाख ओतून सील उमटवायचं, विक्रेत्याला स्वतःचं सील लावायचं असेल तर लावू द्यायचं. हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये करायचं असतं. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, बाहेर पाऊस, हात ओले. लेबल ओलं झालं, शाई पसरली आणि बॅचमधला एक आकडा वाचता येईना, की पुढे तो नमुना त्याच बाटलीचा होता हे सिद्ध करताना दमछाक होते. पेन कोणतं वापरायचं आणि लेबल कशात गुंडाळायचं, हे कायद्याच्या पुस्तकात नसतं. चांगल्या प्रशिक्षणात ते हाताने करून घेतात.

त्याहून महत्त्वाच्या तारखा. विश्लेषकाने 30 दिवसांत अहवाल द्यायचा. अहवालाची प्रत मिळाल्यापासून 28 दिवसांत ज्याच्याकडून नमुना घेतला तो माणूस तो निष्कर्ष मान्य नाही असं कळवू शकतो, मग प्रकरण फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळेपर्यंत जाऊ शकतं. आता विचार करा: औषधाची मुदत संपायला थोडेच महिने उरलेत, आणि आपल्या कार्यालयात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर रेंगाळतेय. मुदत संपली की फेरतपासणीला अर्थ उरत नाही. हरियाणातल्या अशाच एका प्रकरणात 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीचा फेरतपासणीचा हक्क हिरावला गेला म्हणून खटला टिकू शकत नाही असं म्हटलं. निकृष्ट माल विकणारा सुटतो तो अनेकदा असा, आपल्या तारखांमुळे. म्हणून प्रशिक्षण निवडताना नुसतं ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ बघून नाव देऊ नका. तेही उपयोगी आहे, पण तुम्हाला पहिल्यांदा गुणनियंत्रण आणि कायद्याची अंमलबजावणी हवी आहे.

ते मिळण्याचं मोठं ठिकाण म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था. ही केंद्रीय कृषी मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था आहे. तिथे निरीक्षकांसाठी वेगळे वर्ग असतात आणि प्रयोगशाळेतल्या विश्लेषकांसाठी वेगळे. संस्थेचं वर्षाचं प्रशिक्षण वेळापत्रक जाहीर होतं. ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. जवळ म्हणाल तर नागपूरची वनामती ही राज्याची कृषी विस्तार प्रशिक्षण संस्था आणि अमरावती-नागपूरच्या रामेती, म्हणजे तशाच विभागीय संस्था. तिथले वर्ग छोटे असतात, पण आपल्याच भागातले लोक भेटतात, आणि ‘त्या दुकानात बिनाबिलाचा माल कसा पकडला’ ही माहिती जेवणाच्या वेळीच कळते.

आता पैशाचं. केंद्राच्या कृषोन्नती योजनेत वनस्पती संरक्षणाचं उपअभियान आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतूनही राज्यं प्रयोगशाळांसाठी आणि मनुष्यबळासाठी प्रकल्प मांडू शकतात. अशा बहुतेक योजनांत केंद्र-राज्य वाटा 60:40 असतो. नव्या माणसाला एवढं माहीत असलं तरी बस. ज्यावर अडतं ते वेगळंच. प्रशिक्षणाचं शुल्क, राहणं-जेवण आणि प्रवास भत्ता हे तीन खर्च एकाच ठिकाणाहून येतील असं धरून चालू नका. नामनिर्देशनाच्या पत्रात कोणता खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (सरकारी हिशोबातल्या कोणत्या खात्यातून), हे स्पष्ट लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर निघू नका. एका सहकाऱ्याचं प्रवासाचं बिल केवळ त्या एका ओळीसाठी वर्षभर अडकून होतं आणि पुढे त्याने प्रशिक्षणाला नाव देणंच सोडलं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण माणूस कामाचा होता.

वेळेचं गणित तर नक्कीच सांभाळा. निधी अनेकदा वर्षाच्या उत्तरार्धात वळता होतो आणि 31 मार्चपूर्वी खर्ची घालायची घाई उडते. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणालाही कुठल्याही वर्गाला पाठवलं जातं. तुमचा अर्ज आधीच फाइलला असेल तर त्या घाईत योग्य वर्गासाठी तुमचंच नाव पुढे येतं. मागच्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेला निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेलंय का, हेही लेखा शाखेत विचारा. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो. विचारायला संकोचू नका, हे विचारणं तुमच्या कामाचाच भाग आहे. माझा सल्ला असा की एप्रिलमध्ये अर्ज द्या आणि मेअखेर, मृग लागायच्या आत वर्ग मिळतो का ते पाहा. जूननंतर साहेब कार्यमुक्त करत नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच असतं. तालुक्यात माणूस एक आणि दुकानं ढीगभर.

परत आल्यावर अहवाल द्यावा लागतो. तो दोन ओळींत उरकू नका. काय शिकलात, कोणते फॉर्म आपल्याकडे चुकीच्या पद्धतीने भरले जातात, लाख-सील-पिशव्यांची काय गरज आहे ते लिहा. साहित्याची मागणी मंजूर करून घ्यायला हाच अहवाल जोडता येतो. आणि शेवटी पुढच्या वर्षी कुणाला पाठवावं ते नावानिशी सुचवा. आस्थापना शाखेत नाव आधीच नोंदलेलं असलं की एप्रिलमध्ये पत्र लवकर निघतं.