जुनी इंग्लिश दुनळी घेताय? या चुका टाळा

जुन्या इंग्लिश बंदुकीचे फोटो कुणी पाठवले की त्यात काय असणार हे मला आता पाठ झालंय. बाजूच्या पट्टीवरचं कोरीव काम, चकचकीत घोडे, अक्रोडाचा दस्ता आणि नळीवरच्या नावाचा जवळून घेतलेला फोटो. सोबत प्रश्न, "ओरिजिनल आहे ना?" लगेच पुढचा मेसेज, "तो उद्यापर्यंतच थांबणार आहे." ज्या एका जागेवरून उत्तर मिळू शकतं, तिचा फोटो मात्र कधीच नसतो.

ती जागा म्हणजे नळ्यांच्या मागच्या टोकाचा खालचा सपाट भाग. आधी बंदूक रिकामी आहे ना ते पाहायचं, मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढायचं, नळ्या सोडवायच्या आणि उलट्या धरायच्या. काडतूस बसतं तिथे बरोबर खाली सगळे सरकारमान्य ठसे असतात, म्हणजे नळीची ताकद तपासल्याच्या ('प्रूफ'च्या) खुणा. विकणारा नळ्या सोडवू देत नसेल तर चहा पिऊन परत यावं.

नावाला भुलणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. लेस्टरला राहणारे माझ्या परिचयाचे एक डॉक्टर आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना एका गावच्या जत्रेत एका विक्रेत्याकडे दुनळी दिसली. बाहेर दोन घोडे, नळ्या दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, नक्षीदार), आणि लॉकवर, म्हणजे बाजूच्या पट्टीवर, वळणदार अक्षरांत 'जोसेफ मँटन, लंडन'. त्यांनी जागेवरच बयाणा दिला आणि मग मला फोन केला. "अहो, मँटन म्हणजे बंदूकवाल्यांचा राजा! इतक्या स्वस्तात पुन्हा मिळणार आहे का?"

राजा होताच, यात वाद नाही. इंग्लिश दुनळीला आज जे रूप आहे त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. पण जोसेफ मँटन 1835 साली वारला. त्याच्या बंदुका ठासणीच्या, तोंडातून दारू भरायच्या. मधून मोडणारी, मागून काडतूस घालायची बंदूक इंग्लंडमध्ये लोकांना नीट दिसली ती 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात, तीही लफोशे या फ्रेंच माणसाची. इंग्लिश कारागिरांनी ती पुढच्या काही वर्षांत उचलली. मग मँटनसाहेब कबरीतून उठून ही बंदूक करायला आले होते का? डॉक्टरांना मी एवढंच विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

मग त्यांनी सपाट भागाचा फोटो पाठवला. लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं, खाली तारा. हा बेल्जियममधल्या लीएज शहराचा ठसा. लंबगोलावर मुकुट असेल तर माल 1893 नंतरचा. डॉक्टरांच्या बंदुकीवर मुकुटही होता. लीएजच्या कारखान्यांतून त्या काळात ढिगाने बंदुका बाहेर पडत आणि गिऱ्हाइकाला भुरळ घालेल ते नाव त्यावर कोरलं जाई. कधी सरळ मेलेल्या माणसाचं, कधी थोडा फेरफार करून. वेस्टली रिचर्ड्स ही बर्मिंगहॅमची नामांकित पेढी, तर लीएजच्या मालावर नुसतं 'डब्ल्यू. रिचर्ड्स'. खोटं म्हणावं तर तसा रिचर्ड्स कुठेतरी असेलही.

डॉक्टर बयाणा मागायला गेले तेव्हा विक्रेता अगदी थंडपणे म्हणाला, "कुणी बनवली ते मी कुठे सांगितलं? नाव बंदुकीवर लिहिलंय, मी फक्त बंदूक विकतोय." निम्मे पैसे परत मिळाले, तेही त्यांच्या बायकोने आवाज चढवल्यावर. लीएजचा माल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, तिथे उत्तम कारागीर होते. पण बेल्जियन बंदुकीला लंडनची किंमत द्यायची नाही.

आपल्याकडच्या वाड्यांतून निघणाऱ्या 'मँटन'ची गोष्ट मात्र वेगळी असू शकते. 'मँटन अँड कंपनी, कलकत्ता' असं पूर्ण नाव असेल तर ती कलकत्त्याच्या जुन्या व्यापाऱ्यांनी विकलेली असते आणि बहुधा खरीच इंग्लिश निघते. ती लंडनच्या जो मँटनची नव्हे, पण फसवणूकही नव्हे. तसंच आर्मी अँड नेव्ही या ब्रिटिश दुकानाचं. त्यांचं दुकान मुंबईत होतं, काळा घोड्याची इमारत आजही उभी आहे. त्यांचं नाव असलेल्या बंदुका बहुतेक बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी केलेल्या. घरातलं कुणी "आजोबांची ती पर्डे" (लंडनची नामांकित पेढी) म्हणत असेल तर आधी नळीवरचं नाव वाचा. बऱ्याचदा ते आर्मी अँड नेव्हीच असतं, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

ठसे पाहिले, वाचले नाहीत

काहींना कुणीतरी सांगितलेलं असतं की ठसे बघ. मग ते ठसे बघतात, मान डोलावतात आणि पैसे मोजतात. लंडनमध्ये नळ्या तपासणाऱ्या गनमेकर्स कंपनीची सनद 1637 ची. तिच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी गुंतवलेले असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, म्हणजे तपासणीघर, 1813 मध्ये कायद्याने सुरू झालं. त्याच्या जुन्या ठशात मुकुट आणि आडवेतिडवे राजदंड असतात, 1904 पासून मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. अशी अक्षरं आली. 'नॉट फॉर बॉल' (एकसंध गोळीसाठी नाही) हे शब्द दिसले तर त्या नळ्या 1875 ते 1887 या काळातल्या. 1887 पासून त्याच जागी 'चोक' (नळीचं तोंडाशी आवळलेलं टोक) येतं. म्हणजे कुणी '1860 ची बंदूक' म्हणून दाखवली आणि खाली 'नॉट फॉर बॉल' दिसलं, तर एकतर तारीख खोटी किंवा नळ्या नंतर बसवलेल्या.

लंडनचं नाव आणि बर्मिंगहॅमचा ठसा दिसला की नवशिके लगेच 'नकली' म्हणून ओरडतात. तसं नसतं. लंडनचे कितीतरी दुकानदार बर्मिंगहॅममध्ये बंदुका करून घेत आणि आपलं नाव घालत. नाव मोठ्या घराण्याचं असेल तेव्हा मात्र थांबा आणि विचारा: हा ठसा पहिला आहे की नंतर पुन्हा तपासणी झाली तेव्हाचा?

नळ्या त्याच आहेत, हे गृहीत धरणं

बंदुकीचा अंक नळ्यांवर, ॲक्शनवर (नळ्या जिला अडकतात त्या मधल्या लोखंडी भागावर) आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर असतो, बऱ्याचदा चापाच्या संरक्षक पट्टीवरही. सगळे जुळले पाहिजेत. जोडीने केलेल्या बंदुकांवर सोन्यात 1 आणि 2 घातलेले असतात. वारसांत वाटणी झाली की जोडी फुटते, आणि पुढे कुणीतरी एकीच्या नळ्या दुसरीवर चढवून ठेवतो.

त्याहून जास्त दिसतात त्या 'स्लीव्ह' केलेल्या नळ्या. जुनी नळी मागच्या टोकाजवळ कापून पुढे नवी बसवतात. काम वाईट नाही, वापरायला बंदूक सुरक्षित होते, पण किंमत निम्म्यावर यायला हवी. ब्रिटिश नियमाने तिच्यावर 'स्लीव्ह्ड' असा ठसा लागतो. विक्रेता तो दाखवत नाही. काडतुसाच्या जागेपुढे काही इंचांवर नळीभोवती केसाएवढी रेघ दिसते का पाहा. नखाला लागत नाही, पण तिरप्या उजेडात दिसते. मी नळ्या खिडकीशी नेऊनच पाहतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच सुंदर दिसतं.

कापलेल्या नळ्या ओळखणं सोपं. दोन नळ्या पुढे जाताना एकमेकींजवळ येतात. तोंडाशी त्यांच्यात फट असेल आणि ती शिशाने बुजवलेली असेल तर पुढचा तुकडा गेला. चोकही बहुधा त्याच्याबरोबर गेलेला असतो. त्या काळच्या बहुतेक नळ्या 28 किंवा 30 इंच. टेप लावा. लंडनचा बंदूककार रॉबर्ट चर्चिल मुद्दाम 25 इंची बंदुका करायचा, म्हणून आखूड दिसली की कापलेलीच, असंही नाही. त्याची असेल तर नळीवर तसं असतं.

नळी आतून घासून साफ करण्याची खोड जुन्या शिकाऱ्यांची. घासलं की आतला व्यास वाढतो. ठशातला 12 म्हणजे .729 इंच व्यास, त्यापुढचा आकडा 12/1, म्हणजे .740. ठसा 12 चा आणि मागच्या टोकापासून नऊ इंचांवर माप .740 आलं, तर ती प्रूफबाहेर गेली, म्हणजे तिची जुनी तपासणी आता लागू नाही. अशी बंदूक ब्रिटनमध्ये विकणं गुन्हा आहे. मापण्याचं अवजार नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला सोबत न्या. 'डोळ्यांनी कळतं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

थोडक्यात निपटणाऱ्या गोष्टी

नळ्या बोटावर अडकवून टिचकी मारा. घंटेसारखा आवाज घुमला पाहिजे, खुळखुळला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलीय. बंद बंदूक उजेडासमोर धरा आणि मागच्या फटीतून उजेड येतो का पाहा. पुढचं लाकूड काढून हलवा, डुलली तर सांधा झिजलाय. स्क्रूची डोकी चेपलेली असतील तर स्वयंपाकघरातल्या स्क्रूड्रायव्हरने कुणीतरी उघडलीय, आत आणखी काय केलं असेल देव जाणे. स्वस्त मालावर दमास्कसची नक्षी नुसती रंगवलेलीही असते. पुढच्या लाकडाखाली झाकलेल्या भागात पाहा. कोरीव कामाच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील आणि लोखंड मात्र नव्यासारखं चमकत असेल तर ते घासून वर नवा रंग चढवलाय.

पर्डे, हॉलंड अँड हॉलंड, बॉस यांच्या जुन्या वह्या आजही पेढ्यांकडे आहेत. अंक कळवून पैसे भरले की बंदूक कधी, कशी केली ते कळतं. पत्ताही पडताळा. पर्डेची ऑक्सफर्ड स्ट्रीटची पेढी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑडली हाउसला गेली. अंक त्यानंतरचा आणि नळीवर ऑक्सफर्ड स्ट्रीट, असं दिसलं तर पत्राचं उत्तर येईपर्यंत खिशात हात घालू नका. उत्तराला वेळ लागतो, आणि 'उद्यापर्यंतच' म्हणणारे विक्रेते नेमके हेच टाळायला बघत असतात.

भारतात राहणाऱ्यांसाठी: "जुनी आहे, लायसन्स लागत नाही" हे विकणाऱ्याचं म्हणणं ऐकू नका. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमातली सवलत दुरुस्तीनंतरही चालणार नाही अशाच शस्त्राला आहे. मधून मोडणारी बारा बोअर, कितीही म्हातारी असली, तिच्यात सहसा बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे घरात आधीच दोन असतील तर बयाण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.