शुगर सारखी लो होतेय? नुसती साखर खाऊन सोडून देऊ नका

डायबेटिसच्या पेशंटची शुगर लो झाली, साखर खाल्ली, बरं वाटलं, विषय संपला... बहुतेक घरांत असंच चालतं. पण सारखी लो होत राहिली की शरीराला सवय होते, घाम, थरथर, धडधड हे इशारे यायचेच कमी होतात आणि मग माणूस एकदम गोंधळतो नाहीतर बेशुद्ध पडतो. लाँग टर्ममधला हाच मोठा धोका. त्यात वयस्कर माणूस पडला की हाड मोडतं, हार्टवरही ताण येतो. जोराचे लो येऊन गेलेल्या वयस्कर पेशंटमध्ये पुढे स्मृतिभ्रंशही जास्त दिसलाय. टाइप 1 वाल्यांचं (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) म्हणाल तर अमेरिका-कॅनडात 18 वर्षं लक्ष ठेवलेल्या पेशंट्सचा अभ्यास 2007 मध्ये आला, त्यात जोराचे लो येऊनही बुद्धीवर फारसा परिणाम दिसला नव्हता, पण त्याच पेशंट्सवर 32 वर्षं लक्ष ठेवल्यावर जास्त जोराचे लो येऊन गेलेल्यांची विचारांची चपळाई जास्त घटलेली दिसली.

आता करायचं काय. मीटरवर 70 च्या खाली म्हणजे लो, 54 च्या खाली म्हणजे गंभीर. लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पावडरचे 3-4 छोटे चमचे पाण्यात घालून प्यायचे, 15 मिनिटांनी परत चेक, अजून कमी असेल तर परत तेवढंच. आपल्या इंदूरात कोणीतरी लगेच जलेबी पुढे करतं, ती नको, तुपातली असते, साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. आणि गोळीत वोग्लिबोज (साखर पचणं हळू करणारं औषध) असेल तर घरची साखरही लवकर चढत नाही, ग्लुकोजच लागतं, म्हणून डबा घरात पाहिजेच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

सगळ्यात जास्त सांभाळायचे ते उपवास. संकष्टीला बाबा सकाळी ग्लिमेपिराइड (शुगर कमी करणारी गोळी) घेतात, दुपारी चार घास साबूदाणा खिचडी, मग चंद्रोदयाची वाट बघत रात्रीचे नऊ वाजतात. सातच्या सुमारास उगाच चिडचिड करायला लागले, कपाळाला हात लावला तर गार घाम, की आधी मीटर काढा, वाद नंतर. उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी, हे डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा, मनाने बंदही करू नका.

प्रत्येक लो वहीत लिहा: वेळ, आकडा, आधी काय खाल्लं, कोणती गोळी किंवा किती इन्सुलिन. तीच वही डॉक्टरांपुढे ठेवून स्पष्ट विचारा की डोस कमी करता येईल का, किडनी कशी आहे (ती कमजोर असली की औषध शरीरात जास्त वेळ राहतं). बीपीची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यामुळे धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो.

आणि हे घरच्यांनी नीट ऐका, गेलेले इशारे बऱ्याच जणांचे परत येतात! 2-3 आठवडे एकही लो होऊ दिला नाही की शरीर पुन्हा सावध व्हायला लागतं, त्यासाठी डॉक्टरांनी तेवढे दिवस शुगर थोडी वर ठेवायला सांगितली तर घाबरू नका.