दातांच्या स्टेम सेल्सचा सिक्रिटोम: सोलापुरात काम सुरू करणाऱ्यांसाठी

सिक्रिटोम म्हणजे पेशी भोवतीच्या मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) जे जे सोडतात ते सगळं: व्हीईजीएफ, एचजीएफसारखे वाढघटक, सायटोकाइन्स (पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं) आणि साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे एक्सोसोम, म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या. पेशी न घालता नुसत्या या द्रवाने पल्प (दातातला मऊ गाभा) किंवा हाड भरून येतं का, हे सध्या बहुतेक प्राण्यांवर तपासलं जातंय. नवी मुलं आल्या आल्या अल्ट्रासेंट्रिफ्यूज (एक्सोसोम वेगळे करणारं अतिवेगवान फिरकी यंत्र) कुठे मिळेल ते विचारतात. काम बिघडतं ते त्याच्या कितीतरी आधी.

एथिक्स कमिटी आणि स्टेम सेल समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती, हे हातात नसेल तर दाताला हात लावू नका. या पेशी पल्पमधून काढायच्या, त्यासाठी अक्कलदाढ न किडलेली हवी. काढल्याबरोबर अँटिबायोटिक घातलेल्या थंड मीडियात टाका आणि २४ तासांच्या आत लॅबमध्ये आणा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो. गाडीच्या डिकीत ठेवलेला नमुना गेलाच समजा. बर्फ मात्र ट्यूबला थेट टेकू देऊ नका, पल्प गोठू शकतो. दात मानेपाशी कापताना डिस्कवर थंड सलाईन सोडत राहा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने आतल्या पेशी भाजतात.

पल्प बारीक चिरून पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइम्समध्ये ठेवा: कोलॅजिनेज ३ मिलिग्रॅम आणि डिस्पेज ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर तासभर. मग ७० मायक्रॉनची गाळणी. सीडी७३, ९०, १०५ (स्टेम सेल्सच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणा) तपासून घ्या आणि तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजच्याच (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटून वाढवण्याच्या फेरीच्याच) पेशी वापरा.

आता खरी मेख. फ्लास्कचा तळ पेशींनी ७०-८० टक्के भरला की पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) तीनदा धुवा आणि सिरम नसलेल्या मीडियात ४८ तास ठेवा. धुण्यात हयगय केली की आधी पेशी वाढवताना घातलेल्या गाईच्या सिरममधले एक्सोसोम तुमच्या नावावर जमा होतात. द्रव काढल्यावर ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या निळ्या रंगाने) पेशी मोजा. जिवंत पेशी ९० टक्क्यांखाली असतील तर ती बॅच सरळ फेका, कारण त्यात सिक्रिटोम कमी आणि मेलेल्या पेशींचा कचरा जास्त. सोबत पेशी नसलेला एक फ्लास्क तसाच ४८ तास ठेवायचा आणि पुढे त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचा. हा कंट्रोल नसेल तर निकाल कुणी मानणार नाही, आणि मानूही नये.

मग सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) १० मिनिटं, २,००० जीवर २० मिनिटं, ०.२२ मायक्रॉन फिल्टर, ३ किलोडाल्टनच्या फिल्टरने सांद्रण. डोस 'पन्नास टक्के मीडिया' असा लिहू नका. बीसीए (प्रोटीन मोजण्याची चाचणी) करून प्रोटीनच्या मायक्रोग्रॅममध्ये लिहा.

एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाला फायब्रोब्लास्ट पेशींवरची स्क्रॅच टेस्ट (पेशींच्या थरावरचा ओरखडा किती भरतो ते पाहणं) आणि एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत याची चाचणी) पुरे. एक्सोसोमचा दावा करायचा असेल तर कणमोजणी आणि सीडी६३, सीडी८१ या एक्सोसोमच्या ओळखखुणा लागतात, त्यासाठी नमुने बाहेर पाठवावे लागू शकतात. उणे ८० अंशांवर सिक्रिटोम छोट्या छोट्या ट्यूबांत साठवलेलं असेल तरच त्यातली एक ट्यूब ड्राय आइसवर पाठवता येते आणि बाकीच्या गोठलेल्या राहतात.